दुखण्याला वाटेकरी हवेत

शेताची वाटणी करताना आपण गुंठ्यापर्यंत मोजतो. विहीर सामाईक असेल तर पाण्याच्या पाळ्या ठरतात, बांधावरच्या आंब्याचं काय करायचं तेही ठरतं, आणि म्हातारी आई कोणत्या भावाकडे किती महिने राहणार याचीसुद्धा चार माणसांत बसून बोलणी होतात. घरात मानसिक आजार असलेलं माणूस असलं, तर त्याच्याबद्दल मात्र कुणी काहीच ठरवत नाही. ते ज्याच्या घरात असतं त्याच्याच वाट्याला जातं. बहुतेकदा आईच्या, आई गेली की वहिनीच्या, लग्न झालेलं असेल तर बायकोच्या. एकदा गेलं की वर्षानुवर्षं तिथंच राहतं आणि बाकीचे सारे सणासुदीला येऊन ‘आता बरा दिसतो’ एवढं म्हणून जातात. वाशिम जिल्ह्यात, मग ते रिसोड असो, मानोरा असो की कारंजा, हे चित्र मला सारखंच दिसत आलेलं आहे. मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे: एकट्या माणसाच्या अंगावर टाकलेली ही जबाबदारी त्या माणसाला तर मोडतेच, पण ज्याच्यासाठी ती घेतली त्या आजारी माणसाचाही आजार उलटवते. म्हणून सांभाळणाऱ्याची झोप, त्याची विसाव्याची वेळ, त्याचं मन ताळ्यावर असणं ही उपचाराचीच कामं आहेत. ती औषधाच्या चिठ्ठीवर लिहिली जात नाहीत, एवढंच.

हे मी बाहेरून बघून लिहीत नाही. घरात असं दुखणं असलेल्या माणसाच्या अनुभवातून लिहिते आहे. पण आमच्या घरातला प्रसंग मी इथे सांगणार नाही, कारण तो माझ्या एकटीचा नाही. ज्याचा आजार आहे त्याची परवानगी घेतल्याशिवाय त्याच्या वाईट दिवसांची गोष्ट चारचौघांत सांगणं मला बरोबर वाटत नाही, आणि वाईट दिवसांत घेतलेल्या परवानगीला काही अर्थ नसतो. त्यामुळे जे सांगायचं ते कारणांनी आणि पुराव्यांनी सांगते. आजार म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर स्किझोफ्रेनिया, मनःस्थिती टोकाला जाणारा बायपोलर आजार आणि वारंवार परतणारं तीव्र नैराश्य ही लांब चालणारी दुखणी आहेत. चार दिवसांचा ताप सांभाळायला एकटी आई पुरते. दहा-वीस वर्षांच्या दुखण्याला पुरत नाही.

ओझं नेमकं कशाचं असतं, हे बाहेरच्याला पटकन समजत नाही. माणूस अंथरुणाला खिळलेला नाही, जेवतो-खातो, मग एवढं काय करावं लागतं, असं विचारणारे खूप. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत शैला पै आणि आर. एल. कपूर यांनी १९८१ मध्ये हेच मोजायची एक प्रश्नावली तयार केली. आपल्याकडच्या कुटुंबांसाठी, आपल्याकडच्या माणसांनी केलेली. तिच्यात ओझ्याचे सहा भाग आहेत: पैशाची ओढाताण, घराच्या रोजच्या रामरगाड्यात पडणारा खंड, विरंगुळा बंद होणं, घरातल्या माणसांचे आपसातले संबंध, इतरांच्या शरीरावर होणारा परिणाम आणि इतरांच्या मनावर होणारा परिणाम. हे सहाही भाग आपल्याकडे कसे दिसतात ते सांगते. दवाखान्याचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी आणि वर एसटीचं भाडं. सोयाबीनची सोंगणी तोंडावर आली आहे आणि घरात थांबायला कुणी नाही, म्हणून एका बाईचे ऐन हंगामातले रोज बुडतात. लग्नकार्याला जायचं तर ‘याला कुठं ठेवायचं’ हा प्रश्न, म्हणून जाणंच बंद. धाकटी भावंडं बोलायचं टाळतात, नवरा-बायकोत रोज त्याच एका विषयावरून खटके. बाईचं डोकं, पाठ, पोट कायम दुखतं आणि ती त्याला ‘अॅसिडिटी’ म्हणते. आणि मन? मनाबद्दल तिला कुणी विचारलेलंच नसतं.

औषध देणं ही एकच गोष्ट जवळून बघा. सकाळी गोळी तळहातावर ठेवायची, पाण्याचा गिलास द्यायचा, आणि नजर रोखून न बघता बघत राहायचं. गिळली का, की गालात धरली? मागच्या अंगणात जाऊन थुंकली तर नाही ना? तोंड उघडून दाखव म्हटलं तर भांडण, नाही म्हटलं तर दिवसभर मनाला टोचणी. मग गोळी भाजीत कालवून द्यावी का, असं कुणीतरी सुचवतं. ती युक्ती एकदा उघडी पडली की त्या घरातल्या अन्नावरचाच आजारी माणसाचा विश्वास उडतो, आणि ‘मला विष घालतात’ हा त्याचा संशय आपणच खरा करून दिलेला असतो. रात्री दाराची कडी वाजली की जाग येते, म्हणून ती बाई कडीच्या बाजूलाच झोपते. कडी वाजली नाही तरीही तिला जाग येतेच. असं एक वर्ष काढलेल्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा करायची, ही आपली रीत आहे.

या गोड बोलण्याचाच पुरावा मला महत्त्वाचा वाटतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात मनोरुग्णालयांतून घरी गेलेल्या माणसांचा पाठपुरावा केला, आणि आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांचा आजार, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेल्यांपेक्षा जास्त उलटतो, असं त्याला दिसलं. पुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरच्यांच्या बोलण्यात तीन गोष्टी मोजायला सुरुवात केली: टोचून बोलणं, राग-तिरस्कार आणि जिवापाड, श्वास घेऊ न देणारी काळजी. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०१ रुग्णांच्या अभ्यासात, या गोष्टी जास्त असलेल्या घरांत ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. कमी असलेल्या घरांत हे प्रमाण १६ टक्के होतं. आणि माझ्या म्हणण्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची बाब अशी की, अशा तणावाच्या घरात रुग्ण आणि ते माणूस आठवड्यात ३५ तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर असतील, तर धोका आणखी वाढत होता. ३५ तास म्हणजे दिवसाला पाच. आपल्याकडे दोन खोल्यांच्या घरात एकटी आई आणि आजारी मुलगा दिवसाचे किती तास एकमेकांसमोर असतात, याचा हिशोब ज्यानं-त्यानं करावा. त्या दोघांना रोज तीन-चार तास एकमेकांपासून सुटका मिळणं, ही चैन नाही.

यावर लगेच आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. म्हणजे पुन्हा दोष घरच्यांनाच? आधीच जी मरमर राबते तिलाच म्हणायचं की तुझ्या बोलण्यानं पोराचा आजार वाढतो? या संशोधनाचा असा गैरवापर जगभर झाला आणि त्यानं अनेक आया खचल्या. पण अभ्यास तसं सांगत नाही. आजार होण्याचं कारण घरच्यांचं बोलणं, असं त्यात कुठेही नाही. आजार मेंदूच्या कामकाजाशी, आनुवंशिकतेशी, आयुष्यातल्या ताणांशी जोडलेला आहे. टोचून बोलणं येतं ते प्रेम कमी असल्यामुळे नाही, तर बळ संपल्यामुळे आणि माहिती नसल्यामुळे. मुलगा अंघोळ करत नाही, दिवसभर पडून राहतो, हे आळशीपण नसून आजाराचंच लक्षण आहे, हे ज्या आईला कुणी नीट सांगितलं नाही, ती ‘उठ रे, किती लोळतोस’ असंच म्हणणार. उलट बाजूचा पुरावाही भक्कम आहे. घरच्या माणसांना आजार समजावून सांगितला, बोलायच्या-वागायच्या पद्धती शिकवल्या, अडचणी सोडवायला मदत केली, तर औषधांच्या जोडीनं आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हे निरनिराळ्या देशांतल्या चाचण्यांत दिसून आलेलं आहे. दोष कुणाचा हे शोधण्यात मला रस नाही. थकवा कसा वाटून घ्यायचा, हा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप आपल्या संस्कृतीच्या अभिमानातून येतो. हे सगळं लंडनचं झालं, आपल्याकडे एकत्र कुटुंब असतं, आपली माणसं मायाळू असतात. यात तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून नऊ देशांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास केला, त्यात भारतातलं केंद्र आग्र्याला होतं, आणि आपल्याकडच्या रुग्णांची पुढची वाटचाल श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरी दिसली. नंतर चंदीगडच्या कुटुंबांत तेच टोचून बोलणं मोजलं, तेव्हा त्याचं प्रमाण लंडनपेक्षा पुष्कळच कमी निघालं. पण त्या काळातली आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं कशी होती याचा विचार केला पाहिजे. घरात आठ-दहा माणसं, त्यात चुलती, आजी, लग्न न झालेला काका. आजारी माणसाला शेतावर न्यायला एक, जेवू घालायला दुसरी, रात्री शेजारी झोपायला तिसरा. त्या मायेमागे माणसांची संख्या होती. आज तांड्यावरची माणसं ऊसतोडीला जातात, शिकलेली मुलं पुण्याला किंवा संभाजीनगरला कंपनीत लागतात, आणि गावातल्या घरात म्हातारी आई आणि आजारी मुलगा उरतात. माया तेवढीच आहे, हात राहिले नाहीत. म्हणून जुन्या कुटुंबाच्या आठवणीवर आजचं दुखणं सांभाळता येणार नाही. जे पूर्वी आपोआप वाटलं जात होतं, ते आता बसून, बोलून, ठरवून वाटावं लागेल.

वाटायचं कसं? इथे एक गोष्ट अनुभवानं सांगते: माणूस वाटून घेऊ नका, कामं वाटून घ्या. म्हाताऱ्या आईसारखं ‘चार महिने तुझ्याकडे, चार महिने माझ्याकडे’ हे मानसिक आजारात बहुतेक वेळा उलटं पडतं. जागा बदलली की झोप बिघडते, डॉक्टर बदलतो, गोळ्यांचा क्रम चुकतो आणि आजारी माणसाला आपण कुणालाच नको आहोत असं वाटू लागतं. त्याऐवजी त्याची जागा पक्की ठेवावी आणि त्याच्याभोवतीची कामं फिरती ठेवावीत. दर महिन्याची दवाखान्याची फेरी एकानं घ्यावी आणि ती शक्यतो रोज सोबत राहणाऱ्या माणसानं घेऊ नये. तेवढाच तिला एक दिवस मोकळा मिळतो. रात्रीची जबाबदारी आठवड्यातून निदान दोन रात्री दुसऱ्याकडे असावी. सलग झोप मिळालेल्या दोन रात्री माणसाला किती बदलतात हे ज्यांनी भोगलं आहे त्यांनाच कळेल. कागदपत्रांचं, आधारकार्डाचं, प्रमाणपत्राचं काम शिकलेल्या भाच्यानं अंगावर घ्यावं. जो भाऊ पुण्याला आहे आणि येऊ शकत नाही, त्यानं पैसे पाठवून मोकळं होऊ नये. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी आजारी भावाला फोन करावा आणि दहा मिनिटं साध्या गप्पा माराव्यात, औषध घेतलं का हे न विचारता. आणि वर्षातली आठ दिवसांची एक रजा गणपतीसाठी न घेता सोंगणीच्या आठवड्यासाठी घ्यावी. वाटणीत आजारी माणसाचाही वाटा असावा: गुरांना पाणी, किराणा आणणं, अंगण झाडणं, जे त्याला झेपेल ते. त्याच्याकडून काहीच करवून न घेणारी माया त्याला अधिक दुबळं करते, आणि श्वास घेऊ न देणारी काळजी वर म्हटली ती हीच.

माहितीचीही वाटणी झाली पाहिजे, नाहीतर बाकीच्या वाटणीला अर्थ राहत नाही. आजार उलटण्याआधी प्रत्येक माणसाच्या काही ठरावीक खुणा दिसतात. कुणाची झोप तुटते, कुणी अचानक खूप बोलू लागतो किंवा पैसे उधळतो, कुणी दारं-खिडक्या लावून घेतो. या खुणा, गोळ्यांची नावं, किती वाजता किती, पुढची तारीख, डॉक्टरांचा नंबर, हे सगळं एका वहीत लिहून ती वही घरातल्या तीन माणसांना माहीत असलेल्या जागी ठेवावी. औषधाची जोखीमही त्या वहीत हवी. उदाहरणार्थ, बायपोलर आजारावरचं लिथियम हे औषध घेणाऱ्या माणसाला आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात शेतावर पाठवू नये. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. हातांना जोराची थरथर, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा असतो. हे फक्त बायकोला ठाऊक असेल आणि ती चार दिवस माहेरी गेली, तर? बरं वाटू लागलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करणं, हे आजार उलटण्याचं नेहमीचं कारण आहे, आणि ‘किती दिवस गोळ्या खायच्या’ असा सल्ला देणारा नातेवाईक नेमका तोच असतो ज्याला वहीतलं काही माहीत नसतं.

‘चारचौघांत कळलं तर बहिणीचं लग्न मोडेल.’ हा सगळ्यात जड आक्षेप. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. स्थळं परत जातात, सोयरीक तुटते, हे खरं आहे. पण लपवण्याची किंमतही मोजायला हवी. लपवायचं म्हणजे दवाखान्यात उशिरा जायचं, मदत मागायची नाही, आणि ओझं त्याच एका बाईवर राहू द्यायचं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, मनोविकृतीसारख्या तीव्र आजारातही सुमारे ७५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं आढळलं. (त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही खंत आहेच.) त्याला दवाखान्यांची आणि डॉक्टरांची टंचाई कारण आहे, तशी लाजही. पण लाज हटत नाही असं नाही. आपल्याच विदर्भातल्या अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन, ताण-तणावाच्या भाषेत लोकांशी बोलून, दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ही तीच कापूस-सोयाबीनची गावं, तीच माणसं. साऱ्या गावाला सांगा असं मी म्हणत नाही. चार माणसं निवडा: एक भावकीतला, एक शेजारी, आशाताई आणि मुलीचं लग्न ठरत असेल तर मुलाकडचा एक समंजस वडीलधारा. लग्नानंतर कळलेल्या गोष्टीचा त्रास ती मुलगी आयुष्यभर भोगते.

आपल्याकडची अनेक कुटुंबं दवाखान्याच्या आधी देवाधर्माकडे जातात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमाराला वाशिम जिल्ह्यातूनही माणसं जातात, आणि त्यात सगळ्या धर्मांची असतात. त्यांना अडाणी म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. तिथं त्या आईला जे मिळतं ते तिला आणखी कुठं मिळत नाही: तिच्यासारख्याच आया शेजारी बसलेल्या असतात, तिच्या मुलाच्या वागण्याकडे कुणी टक लावून बघत नाही, आणि ‘बाहेरचं’ आहे म्हटल्यावर दोष तिच्यावर येत नाही. हा आधार खरा आहे. श्रद्धा ठेवा, जा, पण गोळी बंद करून जाऊ नका, आणि कुठेही साखळी मान्य करू नका. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्यामुळे जळून गेले. मानसिक रुग्णाला साखळीनं बांधणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंद केलेलं आहे, ते देवस्थानात आणि घरातही लागू आहे. घरात बांधून ठेवण्याची वेळ येते ती बहुतेकदा सांभाळणारा एकटा पडल्यावर, रात्रभर जागून सकाळी मजुरीला जायचं असल्यावर. साखळी हा क्रूरपणा आहेच, पण त्यामागचा एकटेपणा घालवला नाही तर कायद्यानं काढलेली साखळी दुसऱ्या रूपात परत येते.

आता सांभाळणाऱ्या माणसाच्या मनाबद्दल, ज्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं. राग येतो. लाज वाटते. ‘हा गेला तर सुटू’ असा विचार मनात चमकून जातो आणि मग स्वतःचीच घृणा वाटते. हे विचार येणं म्हणजे तुम्ही वाईट आहात असं नाही; ते अति थकलेल्या मनाचे विचार आहेत आणि ते भल्या-भल्या आयांना येतात. ते कुणापाशी तरी बोलले गेले की त्यांचा जोर ओसरतो. पण दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, जेवण तुटलं असेल, विनाकारण रडू येत असेल, तर तो थकवा राहिलेला नाही. तुम्हालाही उपचार हवेत, आणि त्याच डॉक्टरकडे स्वतःच्या नावानं केसपेपर काढायला हवा. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या नंबरवर दिवस-रात्र, मराठीतून आणि मोफत मिळते. रुग्णाइतकीच ती घरच्यांसाठीही आहे. आणि असं मन कधी जीव देण्यापर्यंतही जाऊ शकतं, म्हणून कीटकनाशक घरात ठेवू नका. पश्चिम विदर्भातल्या आपल्या गावांत हे सांगावंच लागतं. श्रीलंकेनं १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. मरण्याच्या विचाराची लाट बहुतेकदा थोडा वेळ टिकते. त्या वेळात हाताशी डबा नसला तर माणूस वाचतो. फवारणीचं औषध शेतावरच्या कुलपाच्या पेटीत, किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. आजारी माणसासाठी आणि तुमच्या स्वतःसाठीही.

‘स्वतःचं बघणं म्हणजे स्वार्थ’ असं मानणाऱ्या बायकांना मी एवढंच विचारते, की तुम्ही पडल्यावर त्याला कोण बघणार आहे? कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. रुग्ण आणि नातेवाईक एकत्र बसतात, बोलतात, एकमेकांना आधार देतात, हे तिथलं मुख्य काम. ‘देवराई’ हा २००४चा चित्रपट अशाच विचारातून आला. त्यात आजारी भावाची जबाबदारी लग्न झालेल्या बहिणीवर येते आणि तिच्या संसाराला त्याची झळ कशी लागते हे दाखवलं आहे. पुण्यात जे झालं ते मंगरूळपीरला का होऊ नये? त्याला इमारत लागत नाही. बाजाराच्या दिवशी, तालुक्याला आलेल्या पाच-सहा घरांच्या माणसांनी देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या व्हरांड्यात तासभर बसायचं, एवढ्यानं सुरुवात होते. जमलेल्यांनी सल्ले कमी द्यावेत आणि ऐकावं जास्त, हा एकच नियम पुरेसा आहे.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण पैशाची ओढाताण कमी झाली की चिडचिडही कमी होते. दीर्घकाळचा मानसिक आजार २०१६च्या कायद्यानं दिव्यांगत्वात धरलेला आहे. स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टी तपासून टक्केवारी ठरते, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर संजय गांधी निराधार योजनेसारख्या मदतीसाठी आणि एसटीच्या सवलतीसाठी अर्ज करता येतो. २०१७च्या कायद्यानुसार आजारी माणूस बरा असताना आपला प्रतिनिधी कोण असावा हे लिहून ठेवू शकतो. ते आत्ताच, शांतपणे, त्याच्याशी बोलून लिहून घ्या. वादळ उठल्यावर दवाखान्याच्या दारात कोण सही करणार यावरून भाऊ-भाऊ भांडतात, ते त्यामुळे टळतं. आणि त्याच कायद्याच्या ११५व्या कलमानं, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानलं आहे. पोलिसांच्या भीतीनं त्याला दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

उरली गोष्ट डॉक्टरांची आणि सरकारची. घरच्यांनी वाटून घ्यावं असं म्हणणं म्हणजे सरकारला मोकळं सोडणं, असा एक आक्षेप आहे, आणि माझा त्याला पाठिंबाच आहे. आपल्याकडचं जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला आहे. वाशिमच्या माणसाला तिथं जाऊन परत यायचं म्हणजे दिवस आणि रात्र जाते. पण आता वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालेलं आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. तिथल्या डॉक्टरांकडे माझी मागणी मोठी नाही. रुग्णाच्या केसपेपरवर, सोबत आलेल्या माणसाचं नाव आणि तिच्या झोपेबद्दल एक ओळ लिहावी. सलग तिसऱ्या महिन्यात तेच एकटं माणूस येत असेल, तर ‘घरात आणखी कोण आहे, पुढच्या वेळी त्यांना पाठवा’ असं डॉक्टरांनी स्वतः सांगावं. सुनेनं सांगितलेलं जे घर ऐकत नाही, ते डॉक्टरांनी सांगितलं की ऐकतं. आणि महिन्यातून एका दुपारी, ओपीडी संपल्यावर, बाहेरच्या त्याच बाकांवर घरच्यांची बैठक घ्यावी, तारीख आधी जाहीर करून, म्हणजे मानोऱ्याच्या तांड्यावरून येणाऱ्या माणसाला त्याच दिवशीची गोळ्यांची तारीख घेता येईल आणि दुसरी मजुरी बुडणार नाही.